अभिजात संगीत कोणाच्या मालकीचे?

पुलित्झर पारितोषिक हे नाव वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला नवे नाही. अमेरिकेत पत्रकारितेसाठी आणि साहित्यासाठी ते दिले जाते, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण हेच पारितोषिक १९४३ पासून संगीतरचनेलाही दिले जाते आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातर्फे दिले जाते. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब जिथे शिकले, तेच हे कोलंबिया. संगीताचे हे पारितोषिक सुरू झाल्यापासून पहिली त्रेपन्न वर्षे ते एकाही कृष्णवर्णीय रचनाकाराच्या हाती पडले नाही. १९९६ साली ते पहिल्यांदा पडले. त्या रचनाकाराचे नाव जॉर्ज वॉकर. तेव्हा त्यांचे वय त्र्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांची आजी गुलाम म्हणून जन्मलेली होती.

ही त्रेपन्न वर्षे कोणत्या देशातली, हे लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेचे संगीत म्हणून जग जे ओळखते ते जॅझ, ब्लूज, स्पिरिच्युअल हे सारे कृष्णवर्णीयांनी घडवलेले आहे. कापसाच्या शेतात, चर्चच्या बाकांवर आणि वस्तीतल्या दारूच्या गुत्त्यांत ते घडले. तरीही पारितोषिकाच्या मंडळाला ते दिसत नव्हते. १९६५ साली परीक्षकांनी ड्यूक एलिंग्टन या थोर जॅझ रचनाकाराला त्यांच्या आयुष्यभराच्या कामाबद्दल खास सन्मान द्यावा, अशी शिफारस केली. मंडळाने ती फेटाळली. तीनपैकी दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. एलिंग्टन यांना तो सन्मान मिळाला १९९९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी. जिवंतपणी नाकारायचे आणि मेल्यावर फोटोला हार घालायचा, ही रीत फक्त आपल्याच देशातली नाही.

वॉकर यांची गोष्ट मात्र एलिंग्टन यांच्यापेक्षा वेगळी आहे आणि म्हणूनच ती आपण समजून घेतली पाहिजे. वॉकर जॅझचे नव्हते. ज्याला पाश्चात्य अभिजात संगीत म्हणतात, ज्याची परंपरा बाख, बेथोवन, ब्राम्स अशी सांगितली जाते, त्या संगीताचे ते रचनाकार होते. 'अभिजात' हा शब्द सध्या महाराष्ट्रात सर्वांच्या तोंडी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून तो अधिकच वापरला जातो. पण या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ काय? चांगल्या कुळात जन्मलेला, खानदानी. म्हणजे कलेची प्रत सांगणारा हा शब्दच जन्माचा दाखला मागतो. गुलाम आजीच्या नातवाने हा दाखला न देता त्या दालनात कसे पाऊल टाकले, तिथे बसून काय लिहिले आणि त्या दालनाने त्याला कसे वागवले, हा या लेखाचा विषय आहे.

जॉर्ज वॉकर यांचा जन्म २७ जून १९२२ रोजी वॉशिंग्टन डी. सी. येथे झाला. वडील जमैका बेटावरून अमेरिकेत आले, फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाले. आई सरकारी छापखान्यात कामाला होती. घरात पियानो होता. वयाच्या पाचव्या वर्षी जॉर्जला पियानोच्या शिकवणीला बसवले गेले आणि रोजचा सराव झाला की नाही, यावर आईची नजर असे. याच घरात आईची आई मॅल्व्हिना किंग राहत होती. तिचा पहिला नवरा गुलामांच्या बाजारात विकला गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही. ती स्वतः गुलामगिरीतून निसटलेली होती. नातवाने एकदा तिला विचारले, की गुलामगिरीत नेमके काय भोगावे लागले? आजीने त्यावर लांबलचक कहाणी सांगितली नाही. आम्हाला खाऊन टाकायचे तेवढे त्यांनी बाकी ठेवले, दुसरे सगळे केले, अशा अर्थाचे एकच वाक्य ती बोलली आणि गप्प झाली. हे वाक्य वॉकर आयुष्यभर विसरले नाहीत.

त्या वेळचे वॉशिंग्टन ही राजधानी असली तरी तिथल्या शाळा वर्णानुसार वेगळ्या होत्या. त्या एकत्र आल्या १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर. १९३९ साली मॅरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये गाऊ दिले नाही. तेव्हा तिने लिंकन यांच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर उभे राहून पाऊण लाख लोकांपुढे गायन केले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. याच शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी डनबार हायस्कूल होते. मोठी विद्यापीठे कृष्णवर्णीय पदवीधरांना नोकरी देत नसत, त्यामुळे डॉक्टरेट मिळवलेली माणसे या शाळेत मुलांना शिकवत. दार बंद झाले म्हणून विद्वान वस्तीतच राहिले आणि वस्तीची पोरे शहाणी झाली. जॉर्ज याच शाळेतून चौदाव्या वर्षी बाहेर पडला. त्याच वर्षी हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात त्याने पहिला जाहीर पियानोवादनाचा कार्यक्रम केला.

पुढे ओहायोतील ओबर्लिन महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. हे महाविद्यालय १८३५ पासून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देत आले होते. तिथून १९४१ साली पदवी घेऊन वॉकर फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथे त्यांना पियानोसाठी रुडॉल्फ सर्किन आणि रचनेसाठी रोझारियो स्कालेरो असे नामवंत गुरू लाभले. १९४५ साली ते पियानो आणि रचना या दोन्ही विषयांचे पदविकाधारक झाले. कर्टिसमधून पदविका घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये त्यांचे वादन झाले आणि पाठोपाठ फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासोबत युजीन ऑर्मंडी यांच्या संचालनाखाली त्यांनी रखमानिनॉव्हचा तिसरा पियानो कंचेर्तो वाजवला. पियानोच्या साहित्यातील ही अत्यंत अवघड रचना समजली जाते. त्या वाद्यवृंदासोबत एकल वादन करणारे ते पहिले कृष्णवर्णीय वादक ठरले. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते.

इथपर्यंतची कहाणी ऐकून कोणीही म्हणेल, की गुणवत्तेला वाव मिळतोच. आपल्याकडेही हे वाक्य आरक्षणाची चर्चा निघाली की हमखास ऐकायला मिळते. पण पुढे काय झाले? १९५० साली एका मोठ्या कार्यक्रम संस्थेने वॉकर यांच्याशी करार केला. असा करार मिळालेले तेही पहिलेच कृष्णवर्णीय वादक. मात्र कार्यक्रम मिळेनात. कृष्णवर्णीय माणूस गाणार असेल तर आयोजक एक वेळ तयार होत, पण तो बेथोवन आणि शोपॅन वाजवणार म्हटल्यावर तिकिटे कोण घेणार, असा प्रश्न ते विचारत. १९५४ साली वॉकर युरोपात गेले. स्टॉकहोम, कोपनहेगन, ॲम्स्टरडॅम, मिलान, लंडन अशा शहरांत त्यांनी वादन केले. परत आल्यावर मायदेशात पुन्हा तेच. बोटांत कसब होते, गुरूंची शिफारस होती, वर्तमानपत्रांची शाबासकी होती. नव्हते ते फक्त आमंत्रण. गुणवत्ता ही स्वतःहून कधीच दार उघडत नाही. दाराच्या आत बसलेल्या माणसाने ते उघडावे लागते किंवा बाहेरच्यांनी मिळून ते ढकलावे लागते, हा धडा वॉकर यांच्या तारुण्याने दिला.

वादकाचा मार्ग असा अडवला गेला आणि रचनाकाराचा मार्ग मोठा झाला. १९५६ साली त्यांनी रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूलमधून संगीतातील डॉक्टरेट मिळवली. तिथेही पहिले कृष्णवर्णीय तेच. १९५७ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर पॅरिसला जाऊन ते नादिया बुलांजे या विख्यात शिक्षिकेकडे शिकले. ॲरन कोपलंड आणि फिलिप ग्लास हे तिचेच विद्यार्थी. पुढे मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ची निर्मिती करणारे क्विन्सी जोन्स हेही तिचेच विद्यार्थी. वॉकर मुळात रचनाकार आहेत, हे तिने ओळखले. मायदेशी आल्यावर स्मिथ कॉलेज, कोलोरॅडो विद्यापीठ आणि १९६९ ते १९९२ या काळात न्यू जर्सीचे रटगर्स विद्यापीठ येथे त्यांनी अध्यापन केले. प्राध्यापकीच्या पगारावर घर चालवले आणि उरलेल्या वेळात संगीत लिहिले. शिकवत शिकवत लिहिणाऱ्या आपल्या अनेक लेखक-कवींना हे आयुष्य ओळखीचे वाटेल.

आता ते लिहीत होते म्हणजे काय करीत होते, हे थोडे समजून घेऊ. आपल्या रागसंगीतात गायक बंदिशीच्या आधाराने मैफलीतच राग फुलवतो. पाश्चात्य अभिजात संगीतात रचनाकार सगळे आधी कागदावर उतरवतो. सत्तर-ऐंशी वादकांपैकी कोणत्या वाद्याने कोणत्या क्षणी कोणता स्वर, किती वेळ, किती जोरात वाजवायचा, हे तो लिहून ठेवतो. दहा मिनिटांच्या रचनेमागे कित्येक महिन्यांचे काम असते. रचनाकार स्वतः वाजवतोच असे नाही. त्याचा कागद दुसऱ्यांनी उघडला, सराव केला आणि सभागृहात वाजवला, तरच त्याचे संगीत अस्तित्वात येते. म्हणजे या कलेत संस्थेवाचून चालत नाही. शाहीर डफ घेऊन चौकात उभा राहू शकतो. ऐंशी वादकांचा वाद्यवृंद चौकात उभा राहत नाही. ज्याच्या हाती संस्था, त्याच्या हाती रचनाकाराचे जगणे-मरणे. वॉकर यांच्या वाट्याला आलेल्या वागणुकीचे मर्म इथे आहे.

त्यांची सर्वांत जास्त वाजवली गेलेली रचना आहे 'लिरिक फॉर स्ट्रिंग्ज'. आजी वारल्यानंतर १९४६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी ती लिहिली. मुळात तो व्हायोलिन, व्हिओला, चेलो या चार वादकांसाठी लिहिलेल्या रचनेचा संथ मधला भाग. नंतर त्यांनी तो तंतुवाद्यांच्या मोठ्या संचासाठी वाढवला. आधी त्याचे नाव 'लॅमेंट' म्हणजे विलाप असे होते आणि रचना आजीला अर्पण केलेली होती. पुढे विलाप हा शब्द गळाला. रचना सहा मिनिटांची आहे. सुरुवातीला थोडी चाचपडणारी सुरावट येते. मग पहिली व्हायोलिन मुख्य सुरावट उचलतात, तीच सुरावट एकामागून एक इतर वाद्ये आपापल्या पट्टीत घेतात. मधे सगळे थबकते. पुन्हा तीच सुरावट एकमेकांच्या खांद्यावर चढत जाते, टोकाला पोहोचते आणि शेवटी आधीची ती शांत जागा परत येते. शब्द एकही नाही. आरडाओरडा नाही. आजी एकच वाक्य बोलून गप्प झाली होती. नातवाने तिच्या बोलण्याइतकाच तिच्या गप्प होण्याचाही मान राखला.

१९४६ हे साल आपल्यालाही महत्त्वाचे आहे. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात बाबासाहेब आणि कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्यात पत्रव्यवहार झाला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला जात असल्याचे वाचून बाबासाहेबांनी त्या निवेदनाची प्रत मागवली. अस्पृश्यांची आणि कृष्णवर्णीयांची स्थिती सारखी आहे, असे त्यांनी त्यात लिहिले होते. डु बॉइस यांनी आस्थेने उत्तर दिले. या डु बॉइस यांचे १९०३ सालचे प्रसिद्ध पुस्तक 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' उघडून पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रकरणाच्या माथ्यावर एका बाजूला युरोपीय कवितेच्या ओळी आहेत आणि त्यांच्या खालोखाल गुलामांच्या गाण्याची स्वरलिपी छापलेली आहे. दोन्हींना एकाच पानावर, एकाच मानाने बसवले आहे. वॉकर यांनी आपल्या संगीतात जे केले ते याच जातीचे काम होते.

त्यांच्या रचना वरवर ऐकल्या तर कठीण वाटतात. सोपी, गुणगुणता येईल अशी चाल सहसा सापडत नाही. स्वर एकमेकांना टोचतात, लय अचानक तुटते, रचना लवकर संपते. पण आत डोकावले की वेगळेच काही दिसते. १९५३ च्या पहिल्या पियानो सोनाटात एका लोकगीतावर सहा रूपांतरे बांधलेली आहेत. पुढच्या अनेक रचनांत स्पिरिच्युअलचे म्हणजे गुलामांच्या भक्तिगीतांचे तुकडे, लोकांच्या ओठांवरच्या चालींचे तुकडे इतके मुरवून टाकले आहेत, की ते चटकन ओळखू येत नाहीत. २०१२ च्या चौथ्या सिंफोनियाचे नावच 'स्ट्रँड्स', म्हणजे धागे. त्यातही स्पिरिच्युअलचे धागे विणलेले आहेत. घरातल्या जुन्या लुगड्याची वाकळ शिवतात, तेव्हा लुगडे दिसत नाही, ऊब मात्र त्याचीच असते. वॉकर यांनी आपला वारसा असा वापरला. तो मिरवला नाही आणि टाकलाही नाही.

यावर दोन्हीकडून आक्षेप येऊ शकतात आणि ते प्रामाणिकपणे विचारात घेतले पाहिजेत. गोऱ्या प्रस्थापितांची अपेक्षा अशी, की कृष्णवर्णीय रचनाकाराने जॅझ लिहावे, ढोल वाजवावेत, नाचायला लावावे. अभिजात हे तुमचे काम नाही. दुसऱ्या बाजूला साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेत 'ब्लॅक आर्ट्स' चळवळ उभी राहिली. कला ही लोकांच्या लढ्यासाठी असली पाहिजे, युरोपच्या साच्यांकडे पाठ फिरवली पाहिजे, असे तिचे म्हणणे होते. तिने कविता, नाटक, संगीत यांत मोठे काम केले. आपली दलित साहित्याची चळवळ आणि १९७२ ची दलित पँथर ज्या काळात घडली, तो हाच काळ. प्रश्न असा, की सभागृहात बसून ऐकायच्या या संगीताचा वस्तीतल्या माणसाला काय उपयोग?

उपयोगाचा प्रश्न टाळू नये. आपल्याकडे एक योगायोग आहे. वामनदादा कर्डक यांचा जन्मही १९२२ सालचा, १५ ऑगस्टचा, वॉकर यांच्यानंतर सातच आठवड्यांनी. वामनदादांनी गावोगावी, वस्तीवस्तीत गाऊन बाबासाहेबांचा विचार घराघरांत पोहोचवला. त्यांच्या गाण्याला तिकीट नव्हते, सभागृहाची गरज नव्हती. वॉकर असे कधीच लोकांचे गायक झाले नाहीत. या दोघांना एका तराजूत घालून कोण मोठे ठरवणे व्यर्थ आहे. चळवळीला दोघांचीही गरज असते. वामनदादांनी आपल्या माणसांना आवाज दिला. वॉकर यांनी दुसरे काम केले. माणसाच्या बुद्धीने उभारलेली कोणतीही इमारत आमच्यासाठी बंद नाही, हे त्यांनी आत शिरून, तिथली अवघडातली अवघड भाषा शिकून आणि त्या भाषेत स्वतःचे बोलून सिद्ध केले. पाण्याच्या तळ्यावर हक्क सांगितला जातो, तसा ज्ञानाच्या आणि कलेच्या तळ्यावरही सांगावा लागतो. कायद्याच्या पुस्तकात आमचे कोण, असे विचारणाऱ्यांना बाबासाहेबांनी राज्यघटना लिहून उत्तर दिले. मग सिम्फनीत आमचे कोण, हा प्रश्नही विचारला जाणारच.

शोषित समाजातल्या कलावंताकडे जग नेहमी एकच मागणी करते: तुझे दुःख दाखव. दुःख दाखवले की टाळ्या मिळतात. पण त्याच कलावंताने रचनेच्या बांधणीविषयी, शास्त्राविषयी, कसबाविषयी बोलायला सुरुवात केली, की ऐकणारे अस्वस्थ होतात. आत्मकथन लिहिणाऱ्या आपल्या लेखकांना हा अनुभव आहे. पहिल्या पुस्तकाला पुरस्कार, आणि दुसरे पुस्तक वेगळ्या विषयावर लिहिले की 'पूर्वीचा जिवंतपणा राहिला नाही' असा शेरा. वॉकर यांनी ही मागणी सरळ नाकारली. आपल्याला रचनाकार म्हणून तोलावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याच वेळी कृष्णवर्णीय रचनाकारांना डावलले जाते, हेही त्यांनी लपवले नाही. १९९१ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून, कृष्णवर्णीयांच्या अभिजात संगीताला जागा द्या, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. माझ्या कामाकडे माझ्या रंगापलीकडे पाहा आणि रंगामुळे माझे काम अडवले जाते तेही पाहा, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने म्हणण्यात काही विसंगती नाही.

मग आले १९९६. बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राने रोलंड हेज यांच्या सन्मानार्थ वॉकर यांच्याकडून रचना मागवली होती. हेज हे गुलामगिरीत जन्मलेल्या आईबापांचे पुत्र. १९२३ साली याच वाद्यवृंदासोबत त्यांनी गायन करून इतिहास घडवला होता. वॉकर यांनी 'लायलॅक्स' ही सोप्रानो आवाज आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना लिहिली. शब्द वॉल्ट व्हिटमन यांच्या शोककाव्यातले, त्यातील चार भागांचे. हे काव्य अब्राहम लिंकन यांच्या हत्येनंतर लिहिले गेले. म्हणजे गोऱ्या कवीने लिंकन यांच्यासाठी लिहिलेला शोक, गुलाम आजीच्या नातवाने स्वरबद्ध केला, तो गुलामांच्या पुत्राच्या सन्मानार्थ. फेब्रुवारी १९९६ मध्ये सेइजी ओझावा यांच्या संचालनाखाली फे रॉबिन्सन यांनी तो गायला आणि त्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळाले.

देशभर बातम्या झळकल्या. 'पहिला कृष्णवर्णीय' हे शब्द सगळ्या मथळ्यांत होते. १९९७ साली वॉशिंग्टन शहराने त्यांच्या नावाचा एक दिवस जाहीर केला. आणि वाद्यवृंद? प्रसिद्धी एवढी मिळूनही पारितोषिकानंतर 'लायलॅक्स' वाजवण्यासाठी मोठ्या वाद्यवृंदांची रांग लागली नाही, ही खंत वॉकर यांनी पुढे उघड बोलून दाखवली. सन्मान करणे स्वस्त असते. एक फलक, एक भाषण, एक शाल. कार्यक्रमपत्रिकेत दरवर्षी जागा देणे महाग असते, कारण तिथे दुसऱ्या कोणाची तरी जागा कमी करावी लागते. 'पहिला' म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याच्यामागून दुसरा आणि तिसरा आत आला का, हे पाहिल्याशिवाय त्या गौरवावर विश्वास ठेवू नये. कर्टिसमध्ये पहिले, ईस्टमनमध्ये पहिले, फिलाडेल्फियात पहिले, पुलित्झरमध्ये पहिले. एकाच माणसाच्या नावापुढे इतक्या वेळा 'पहिला' लागतो, तेव्हा त्यात त्या माणसाची कर्तबगारी जेवढी दिसते, तेवढेच दारांचे बंद असणेही दिसते.

वॉकर थांबले नाहीत. नव्वदी ओलांडल्यावरही ते न्यू जर्सीतील माँटक्लेअर येथील घरी लिहीत होते. १७ जून २०१५ रोजी साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन शहरात, कृष्णवर्णीयांच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या वर्णवर्चस्ववादी तरुणाने गोळ्या घालून ठार केले. चार्ल्सटन हे एकेकाळी गुलाम उतरवून घेण्याचे मोठे बंदर होते. वॉकर यांची पाचवी आणि शेवटची सिंफोनिया 'व्हिजन्स' २०१६ मध्ये पूर्ण झाली, ती या हत्याकांडाच्या आठवणीशी जोडलेली आहे. तिच्या एका आवृत्तीत वाद्यांसोबत माणसांचे आवाजही आहेत. चोविसाव्या वर्षी आजीसाठी शब्दांवाचून लिहिणारा माणूस चौऱ्याण्णवाव्या वर्षी माणसांचा आवाज रचनेत आणतो, या प्रवासाकडे नीट पाहिले पाहिजे. सत्तर वर्षांत देश किती बदलला, याचे उत्तर त्या रचनेत आहे.

२३ ऑगस्ट २०१८ रोजी वॉकर यांचे निधन झाले. त्यांचे वय शहाण्णव वर्षांचे होते. 'व्हिजन्स' सिएटल सिम्फनीने सभागृहात वाजवली ती एप्रिल २०१९ मध्ये. २०२० साली मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, देश रस्त्यावर उतरला आणि मग अनेक वाद्यवृंदांना आपल्या कार्यक्रमपत्रिकांत कृष्णवर्णीय रचनाकार किती, याची आठवण झाली. 'लिरिक फॉर स्ट्रिंग्ज' ठिकठिकाणी वाजू लागली. क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राने २०२२ मध्ये त्यांच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली. ज्या वॉशिंग्टनमध्ये त्यांचा जन्म झाला, तिथल्या नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्राने त्यांच्या पाचही सिंफोनिया ध्वनिमुद्रित केल्या. पुलित्झरच्या यादीतही नावे वाढली आहेत. २०२० मध्ये अँथनी डेव्हिस, २०२१ मध्ये क्युबात जन्मलेल्या तानिया लेओन, २०२४ मध्ये टायशॉन सोरी. दार किलकिले झाले, पण ते रस्त्यावरच्या माणसांनी ढकलल्यानंतर.

या कहाणीतून आपण काय घ्यायचे? आपल्या वस्तीत आज डफ आहे, ढोलकी आहे, भीमगीत आहे आणि ते आपले धन आहे. पण एखाद्या मुलीच्या बोटांना व्हायोलिन हवे असेल, एखाद्या मुलाला ध्रुपद शिकायचे असेल, कोणाला स्वरलिपी लिहायची असेल, तर 'हे आपले नव्हे' असे निदान आपण तरी म्हणू नये. ते सांगायला बाहेर पुष्कळ लोक बसले आहेत. आपल्या घरातून त्या मुलीला वाद्य मिळाले पाहिजे, शिकवणीची फी मिळाली पाहिजे आणि वॉकर यांच्या आईसारखे रोज सराव झाला का, असे विचारणारे कोणीतरी मिळाले पाहिजे. तिने पुढे आपल्यासाठी गीते लिहिली तर आनंद आहे. तिने फक्त उत्तम संगीत लिहिले, तरी ते आपलेच आहे.

आणि वॉकर यांना 'पहिला कृष्णवर्णीय' या यादीत घालून मोकळे होऊ नये. आजकाल प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. सहा मिनिटे काढून 'लिरिक फॉर स्ट्रिंग्ज' ऐकावी. इंग्रजी यायची गरज नाही, संगीताचे शास्त्र यायचीही गरज नाही. बाजारात नवरा विकला गेलेली एक म्हातारी आणि तिच्याजवळ बसलेला तिचा नातू, एवढे मनात ठेवले तरी पुरे.